वीतभर जागा

साक्रीच्या आठवडे बाजारात बेबाबाई पहिल्यांदाच मेथी विकायला आली आणि आल्या आल्या तिनं घोळ घातला. लिंबाखाली भाजीवाल्या बायांच्या ओळीत एक जागा मोकळी दिसली. मधोमध नुसता एक दगड. तिनं तो पायानं बाजूला सारला, गोणपाट अंथरलं आणि ऐटीत बसली. सासूनं निघताना बजावलं होतं, "मेथी ईकाई तर ठीक, नही ते सकायपशी निंदाले जा." लोकांच्या शेतात निंदणी करून बेबाबाईची कंबर मोडली होती.

ऊन चढलं तरी एक जुडी हलली नाही. गिऱ्हाईक यायचं, थबकायचं, "पार्वताअक्का कव्हय यी?" विचारायचं आणि पुढं जायचं. ना भांडण, ना शिवी. भांडण तरी परवडलं असतं हो! मेथीनं माना टाकल्या तशी बेबाबाई रडकुंडीला आली.

शेवटी शेजारची सुगंधाबाई म्हणाली, "माय, हाई जागा पार्वताअक्कानी शे. ती धुयाले दवाखानामा शे."

धुळ्याच्या दवाखान्यात पडलेल्या बाईची जागा आपण बळकावली म्हणून बेबाबाई मेल्याहून मेल्यासारखी झाली. तिनं दगड जागेवर ठेवला आणि मेथी पाटीत भरू लागली.

"थांब वं," म्हणत सुगंधाबाईनं आपली कोथिंबीर वीतभर सरकवली. तिच्या पलीकडची सरकली, मग तिच्या पलीकडची. दगडाशेजारी बेबाबाईपुरती जागा झाली. पण ओळीच्या टोकाला म्हातारी लताबाई सावलीबाहेर गेली.

"आजी, तुम्ही उनमा काब्रं? मी बठस तठे!"

"मना कांदास्ले ऊन काय करी?" लताबाई हसली. "तुनी मेथी मरी."

तेव्हा बेबाबाईनं ओळ नीट पाहिली. खोडाशी पालेभाज्या, मग वांगी, आणि उन्हाच्या कडेला बटाटे-कांदे. सरकारचा माणूस बाजारात फक्त पावती फाडायला यायचा. मग हे मांडलं कुणी?

"हाई कोनी ठराये?"

"कोन जाने! मन्ही सासू बी आठेच बठे," सुगंधाबाई म्हणाली आणि तिनं मेथीवर पाणी शिंपडलं.

दिवस मावळायच्या आत पाटी रिकामी झाली. घरी सासूनं ती उलटी करून पाहिली आणि विचारलं, "नवी बाईले जागा कोनी दिनी?"

बेबाबाईनं तोंड उघडलं, पण अख्खी ओळच सरकली होती; एकट्या कुणाचं नाव सांगायचं?