दाराखालचा उजेड

"काय गं, तू कॅमेरा का लावत नाहीस? दिसायला भयंकर आहेस की काय?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, विचारून दाखव म्हणून. आणि भोंग्याशी पैज लावली की संपलंच! आवाजावरून वर्गाने तिला हे नाव ठेवलं होतं. गेल्या वर्षापर्यंत ते ऐकून ती रडायची. यंदा तिने स्वतःच ते वहीवर मोठ्ठ्या अक्षरांत लिहून टाकलं होतं.

पडद्यापलीकडच्या मुलीने, शाळेच्या उपक्रमातल्या तिच्या दूरदेशीच्या जोडीदारणीने, कॅमेरा लावला. मागे ओळीने सहा खाटा आणि पुढे एवढासा चेहरा.

"आम्ही इथं शाळेतच राहतो," ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली. "घर मागे राहिलं. दार निळं होतं."

पैज लावणाऱ्या तिघी फरशी बघू लागल्या.

"सॉरी," भोंगा म्हणाली. "मी मूर्ख आहे."

"ते आवाजावरूनच कळलं होतं."

दोघी खुदकन हसल्या. त्या दिवसापासून ती पलीकडची मुलगी भोंग्याची 'चिमणी' झाली आणि दोघींची अशी गट्टी जमली की शनिवार कधी येतो असं व्हायचं. चिमणीला इंटरनेट फक्त शनिवारी मिळायचं.

'दोन शाळा, एक भिंत' असा तो उपक्रम. वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर प्रोजेक्टरने चार मिनिटांची हलती चित्रं दाखवायची. डावी बाजू इकडच्या मुलीची, उजवी तिकडच्या मुलीची. विषय, माझं घर. खेळ शुक्रवारी आणि रविवारी, अंधार पडला की; शुक्रवारी सगळ्यांत चांगल्या जोडीला बक्षीस.

चिमणीची फाइल वेळेत आली होती. पण भोंगा आपल्या बाजूसाठी फुलपाखरं काढण्यात इतकी गुंतली होती की तिने ती उघडली थेट गुरुवारी. आत नुसता काळोख आणि मधोमध निळं दार. मिनिटभर पाहिलं, दार हलेना.

"बाई, हे अर्धवटच आहे!"

"असू दे," संगणकाच्या बाई म्हणाल्या. "उद्या आहे तसंच जाऊ दे. शनिवारी तिला विचार."

"अहो, पण लोक हसतील तिला!"

आणि बाईंना न सांगता भोंग्याने ती बाजू भरली. पक्षी, कंदील, फेर धरून नाचणारी माणसं. चिमणीच्या देशाचं म्हणून जे जे इंटरनेटवर सापडलं ते सगळं. शेवटी दारावर फुलांचा सडा. अगदी जीव ओतून केलं.

शुक्रवारी टाळ्या थांबेनात. बाईंनी तिच्याकडे एकदा रोखून पाहिलं, पण तेवढ्यात पहिलं बक्षीस जाहीर झालं. बाबा भेटेल त्याला सांगत सुटले, "आमची आहे हं ती!"

शनिवारी तिने चिमणीला चित्रफीत पाठवली. उत्तर लगेच आलं.

"ते नाचणारे आमचे नाहीत. ते कुणाचेही असतील. माझं चित्र तू शेवटपर्यंत पाहिलंस का? शेवटच्या दहा सेकंदांत दाराखाली उजेडाची रेघ येते. आई कामावरून घरी आली की तशी रेघ दिसायची. आई आता नाही. तू तिच्यावर फुलं टाकलीस."

खाली आणखी एक ओळ. "मला वाटलं होतं, तू विचारणारी मुलगी आहेस."

भोंग्याने पंचवीस वेळा माफी मागितली. एकही निरोप पोचला नाही. चिमणीने तिला ब्लॉक करून टाकलं होतं. मग तिने मूळ फाइल शेवटपर्यंत पाहिली. दहा सेकंद. पुन्हा पाहिली. तोंड उशीत खुपसून रडली, तर घरात कुणाला आवाजसुद्धा आला नाही.

रविवारी सकाळी बाबा आत्याशी फोनवर बोलत होते. "हो हो, ताई, आजचा खेळ बघायला सगळेच या!" आई साडी काढत होती.

"मी बाईंच्या घरी जाऊन आले," दारातूनच भोंगा म्हणाली. आवाज इतका बारीक की आईने वळून पाहिलं. "बक्षीस नको म्हणून सांगितलंय. आज माझी फुलपाखरं नाहीत. डावी बाजू काळी राहणार. उजवीकडे चिमणीचं दार, तिने काढलं तसं."

"अगं, पण आत्या निघालीये! बघायचं काय तिने चार मिनिटं?"

"शेवटपर्यंत थांबायचं, बाबा. चिमणीला कळणारसुद्धा नाही, तरी थांबायचं. मी ठरवलंय."