उपटू नये

"उपटू नये," काकूंनी चिठ्ठी मोठ्यानं वाचली, मान डोलावली आणि रोप मुळासकट उपटलं. मग काडीला बांधलेली ती चिठ्ठी त्याच खळग्यात पुन्हा नीट खोचून ठेवली. कुणी लिहून ठेवलेलं फेकायचं नाही, एवढी शिस्त अजून शाबूत होती.

दारातून बघणाऱ्या मीटरकाकांना हसावं की रडावं तेच कळेना. काल दुपारभर बसून त्यांनीच सत्तावीस चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. चौतीस वर्षं घरोघर फिरून विजेच्या मीटरचे आकडे टिपले होते, त्यामुळे अक्षर अगदी ठसठशीत. अक्षर चांगलं असलं की माणूस ऐकतो, असा त्यांचा आपला एक समज. सकाळी नऊच्या आत त्यातल्या अकरा चिठ्ठ्या बिनरोपाच्या झाल्या होत्या.

"अगं, हे काय करतेयस?"

"अंगण साफ करतेय. सासूबाई उठायच्या आत झालेलं बरं. किती रान माजलंय बघा, बोलणी मला खावी लागतील."

सासूबाईंना जाऊन सतरा वर्षं झाली होती. त्यांच्या राज्यात या अंगणात गवताच्या काडीची उगवायची टाप नव्हती. रोज सकाळी खराटा. अंगण कसं ताटासारखं हवं, असं त्या म्हणायच्या आणि ते होतंही तसंच, चकचकीत आणि भाजून काढणारं. वर मुरूम, हातभर खाली खडक, आणि नळाला पाणी चार दिवसांआड.

सासूबाई गेल्यावर काकूंनी हौसेनं गुलाब आणले. पहिल्या उन्हाळ्यात गेले. दुसऱ्या वर्षी खत घातलं, सावली केली, तरी गेले. तिसऱ्या वर्षी मीटरकाका म्हणाले, "यंदा काड्यांना बहर चांगला आलाय हां." त्या दिवशी काकू स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. काकांना ते कळलं, पण वळून विचारायला जमलं नाही.

त्यानंतर काकू रोपवाटिकेची वाटच विसरल्या. पिशवी आणि जुना उलथना घेऊन त्या रुळांच्या कडेनं, दफनभूमीच्या भिंतीमागं, बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात फिरायला लागल्या. ज्याला कुणी पाणी घालत नाही आणि तरी जे मरत नाही, तेवढंच आणायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. तरवड आणला, रुई आणली, कोरफड, सदाफुली, आणि ज्यांची नावं त्यांनाही ठाऊक नव्हती अशी गवतं. उतारावर दगडांच्या आडव्या ओळी लावल्या, म्हणजे पावसाचं पाणी पळून न जाता थोडं टेकेल. भांडी धुतलेलं पाणी बादलीत धरून ठेवायच्या. गळलेला पाला झाडायचा नाही, असा उलटाच कायदा त्यांनी काढला. बारा वर्षं हे चाललं. आधी सरडे आले, मग फुलपाखरं, मग तरवडात एका चिमुकल्या पक्ष्यानं घरटं केलं.

मीटरकाकांनी गावातली सगळी अंगणं पाहिलेली, तीही कुत्र्यांसकट. ते शेजाऱ्यांना सांगायचे, "लोक बागेतलं तण काढतात, आमच्याकडे तणाचीच बाग आहे." फाटकातून दारापर्यंत सरळ चालत यायची त्यांना सवय, आणि बारा वर्षं रोज संध्याकाळी एकच वाक्य ऐकायचं नशिबी: "पाय जपून टाका. तिथं रोप लावलंय." मग ते पुटपुटत वळसा घालायचे.

दोन वर्षांपूर्वी ते वाक्य थांबलं.

"आधी अलीकडचं जातं, मग मागचं," डॉक्टरांनी समजावलं होतं. बाग अलीकडची होती. ती आधी गेली. उरली ती नवी नवरी आणि सासूबाईंचा खराटा.

काकू दुपारी झोपल्या की काका उपटलेली रोपं पुन्हा लावायचे. रुई कुठली आणि तरवड कुठला, हे त्यांना वयाच्या सत्तराव्या वर्षी शिकावं लागलं. निम्मी जगायची. उरलेली काकू दुसऱ्या दिवशी पुन्हा उपटायच्या. त्यावर उपाय म्हणून तर चिठ्ठ्या.

शनिवारी लेक आली ती मिस्त्रीला घेऊनच. मिस्त्री टेप घेऊन अंगण मोजायला लागला आणि लेकीनं आईचे तळहात बापासमोर धरले.

"बघितलेत हे? काट्यांनी चाळण झालीय. गेल्या आठवड्यात त्या दगडाला अडखळून पडली, हनुवटी फुटली. उद्या कंबर मोडली म्हणजे?"

"मी असतो ना लक्ष ठेवायला."

"तुम्ही चिठ्ठ्या लिहीत बसता! बाबा, सगळीकडे फरशी घालू. सपाट, स्वच्छ. उपटायला काही उरलंच नाही, तर झाडत बसेल बिचारी सुखानं."

"बाग तिची आहे गं."

"तिला आठवत तरी आहे का? मग तुम्ही राखताय कुणासाठी?"

काकांकडे याचं उत्तर होतं, पण लेकीसमोर बोलायची लाज वाटली. मातीत हात घातला की बायको बाजूलाच कुठेतरी आहे असं त्यांना वाटायचं. घरात ती समोर बसलेली असूनही तसं वाटत नव्हतं. पण म्हणून तिचे हात रक्तबंबाळ होऊ द्यायचे? हा कुठला न्याय? त्यांनी तिच्या तळहातांकडे पुन्हा एकदा बघितलं.

"घाला फरशी," ते म्हणाले.

सोमवारी मिस्त्री दहाला येणार होता. परक्याच्या फावड्यानं हे व्हायला नको, म्हणून काका आठलाच कुदळ घेऊन अंगणात उतरले. ऊन तापलं होतं. त्यांनी खुंटीवरची नोकरीतली खाकी टोपी काढून डोक्यावर चढवली. भिंतीजवळच्या तरवडापासून सुरुवात करायची म्हणून ते नेहमीसारखे सरळ मधून निघाले.

"अहो मीटरवाले!"

काकू दारात खराटा घेऊन उभ्या होत्या. काकांनी कुदळ हळूच खाली ठेवली.

"मीटर वाचायला आलात ना? त्या भिंतीवर आहे. पण असे मधून नका जाऊ. पाय जपून टाका. तिथं रोप लावलंय."

त्या जिकडे बोट दाखवत होत्या तिथं काही नव्हतं. उकरलेली माती आणि काडीला बांधलेली एक चिठ्ठी.

"कुणी लावलं?" काकांनी कसंबसं विचारलं.

"मी. दुसरं कोण लावणार? घरच्यांना तण वाटतं ते." मग आवाज खाली आणून, परक्या माणसाला घरातलं सांगावं तशा त्या म्हणाल्या, "आमचे हे चेष्टा करतात. करू देत. पण वळसा घालून येतात हो."

काकांनी वळसा घातला. दगडांच्या ओळीच्या कडेकडेनं भिंतीपाशी गेले, मीटरवर नजर टाकली आणि चौतीस वर्षांच्या सवयीनं आकडा मोठ्यानं वाचला. काकूंनी समाधानानं मान डोलावली.

दहाला फाटक वाजलं. लेक पुढं, मागं दोन्ही हातांत फरशा धरलेला मिस्त्री. तो सरळ आत निघाला.

"मिस्त्री, थांब," काका म्हणाले. "दारापासून नळापर्यंत तेवढी फरशी घाल. वाटेतले दगड मी काढतो, म्हणजे ती अडखळणार नाही. तिला हातमोजेही आणतो. बाकी काही करायचं नाही."

"बाबा, आपलं ठरलं होतं!"

"ठरलं होतं." काकांनी टोपी काढली नाही. "आणि पाय जपून टाक रे. तिथं रोप लावलंय."

मिस्त्रीनं खाली बघितलं. त्याला मोकळी माती दिसली. लेकीची नजर आईकडे गेली. आई खराटा थांबवून, हा माणूस आता कुठून जातो, ते डोळ्यांत तेल घालून बघत होती.

मिस्त्री फरशांचं ओझं सावरत वळसा घालून गेला.

मग काकू वाकल्या आणि चिठ्ठीभोवतीची वीतभर जागा सोडून बाकीचं अंगण झाडू लागल्या.