भिंगरीची वेणी आणि मी

मित्रांनो, मला दोन तोंडं आहेत, पण मी दुतोंडी नाही. लहान तोंडात माणूस बोलतो आणि मोठ्या तोंडातून ते गावाला ऐकू जातं. मी बसस्टँडवरचा पत्र्याचा कर्णा. आता जुना झालो आहे, जागोजागी चेपलो आहे, पण सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

एका डबे बनवणाऱ्याने छपराच्या उरलेल्या पत्र्यातून मला घडवलं. सांधे जोडणारं झाळण थंड झाल्यावर त्याने मला तोंडाला लावून बायकोला हाक मारली, "अगं, चहा टाक!" तीन घरांतून उत्तर आलं, "टाकला!" मी कामाचा आहे हे त्याच दिवशी सिद्ध झालं.

स्टँडच्या कंट्रोलरने मला नेलं. देहाने धिप्पाड, पण आवाज इतका बारीक, की सगळे त्यांना पिपाणीमामा म्हणत. माझ्यामुळे त्या पिपाणीचा नगारा झाला. मामा रोज मला फडक्याने पुसत आणि म्हणत, "हा माझा दुसरा गळा."

फाटकाजवळ एक बाई इस्त्रीची गाडी लावत. त्यांच्या मुलीचं नाव काही का असेना, सगळे तिला भिंगरी म्हणत. ती एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिली नव्हती. केस कायम पिंजारलेले. आई फणी घेऊन मागे, ही पुढे.

एका बाजाराच्या दिवशी आईने सदऱ्याची कॉलर उलटली, वर पाहिलं, तर भिंगरी नाही.

मामांनी बसगाड्या थांबवल्या. लोकांनी सीटखाली पाहिलं, पोत्यांमागे पाहिलं, पाण्याच्या टाकीत वाकून पाहिलं. मामा माझ्यातून ओरडत होते, "लाल फ्रॉक, पायात चप्पल नाही!" शेवटी आईने मला त्यांच्या हातातून ओढून घेतलं. "भिंगरे, मी रागावणार नाही गं. नुसती ओ दे!" तिचा श्वास माझ्या पत्र्यावर थरथरत होता. ओ काही आली नाही.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "तो छत्रीवाला तिच्याशी खेळत होता!" छत्र्या दुरुस्त करणारा तो माणूस गावात नवा होता. एकाने त्याची कॉलर धरली, दुसऱ्याने हात उगारला. तो एवढंच म्हणत होता, "अहो, मीही तिलाच शोधतोय." मग आईने मला पुन्हा तोंडाला लावलं. "सोडा त्यांना! माझी पोर शोधायला आलात की भांडण शोधायला?"

माझ्यातून इतका मोठा आवाज त्याआधी कधी निघाला नव्हता. उगारलेला हात खाली आला. त्या हाताचा मालक भिंगरीला शोधायला गोदामाच्या गल्लीकडे निघाला, आणि छत्रीवाला सदरा सारखा करून त्याच्याच बरोबर गेला.

उन्हं कलली, आणि त्याच गल्लीतून भिंगरी त्या दोघांचे हात धरून उड्या मारत आली. ती वाटेतच त्यांना भेटली होती. केस चापूनचोपून विंचरलेले, दोन घट्ट वेण्या आणि त्यांना हिरव्या रिबिनी.

"आई, किती ओरडतेस! मी वेणी घालून घेत होते ना."

"कुणाकडे?"

"आजीकडे."

"कुठल्या आजीकडे?"

"अगं, त्या आजीकडे!"

आईने आधी तिला पोटाशी धरलं, मग एक धपाटा घातला, मग पुन्हा पोटाशी धरलं. रडता रडता म्हणाली, "मेली माझ्यापुढे कधी बसत नाही, आणि तिथे मात्र बसली!"

दुसऱ्या दिवशी मायलेकी दारोदार हिंडल्या. गावातली प्रत्येक आजी पाहून झाली. भिंगरी मान हलवून नाहीच म्हणे. एक आजी तर रुसलीच, "माझे हात कापतात, नाहीतर मीच घातली असती!" बाजाराला आलेली कुणी परगावची असेल, असं मामा म्हणाले. पण खरं काय ते आजवर कुणालाच कळलेलं नाही.

पुढे स्टँडवर विजेचे स्पीकर आले. कुणी मला उलटा धरून माझ्यातून तेल ओतलं, कुणी दाराला टेकू म्हणून लावलं. मामा निवृत्त झाले आणि फडकंही गेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

भिंगरी आता इथलीच बस चालवते. एका जागी बसून, पण गावभर फिरून! तिला यायला जरा उशीर झाला, की आई हातातली इस्त्री ठेवून फाटकाशी येते. परवाही तिने विचारलं, "आज तरी आठवतं का गं, कुठे होतीस?"

भिंगरी हसली. "हात आठवतात, आई. मऊ होते. तोंड नाही आठवत."

"देव तिचं भलं करो," आई म्हणाली. "पण तिने एक हाक मारली असती, तर काय बिघडलं असतं?"

म्हणून मित्रांनो, एकटं लेकरू दिसलं तर त्याला जवळ बसवा. हवं तर वेणीही घाला. पण त्याआधी रस्त्यावर या आणि ओरडा, "लेकरू इथे आहे!" घसा बसला तर बसू द्या. तो दोन दिवसांत सुटतो. आईच्या पोटातला गोळा सुटायला फार वर्षं लागतात.