पाटलाचं पोट

नाटक कंपनीत हिरोचं वय कोणी विचारत नाही, कारण मेकअपखाली ते झाकता येतं. पोटाचं तसं नाही. पोळ्याच्या सुमारास वडशात नव्या नाटकाच्या पोस्टरसाठी मिथुनचा फोटो काढताना फोटोग्राफर तीनदा म्हणाला, "भाऊ, श्वास आत." चौथ्यांदा कंपनीचे मालक लटारूभाऊच बोलले.

"श्वास आत ठेवून गानं कसा म्हनशील बे?"

मिथुन बारा हंगाम हिरो होता. आरमोरीपासून जिवतीच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत गावोगावी त्याच्या नावावर मंडप भरत. पण लटारूभाऊंची तांदळाची गिरणीही होती, त्यामुळे त्यांचा निकाल किलोतच आला. "धनतेरसले माह्या काट्यावर ऐंशी भरला तं हिरो तू. नाई तं हिरो सूरज, अन् तू पाटील."

सूरज कंपनीतला तरुण नट, आणि पाटील म्हणजे नाटकातला खलनायक. मोठ्या मिशा, मोठं पोट आणि तिसऱ्या अंकात नायिकेला खांद्यावर टाकून पळवणं, एवढं काम. एकदा पाटील झालेला नट पुन्हा हिरो झाल्याचं वडशात कोणाच्या स्मरणात नव्हतं. काटा त्या दिवशी एकोणनव्वदवर थांबला होता.

मिथुननं फोनला विचारलं. फोननं सांगितलं, जेवढ्या कॅलरी जाळाल त्याहून कमी खा. तुमच्यासाठी दिवसाला बाराशे. यात खोटं काही नव्हतं. अडचण मोजण्यात होती. त्याची बायको गोकुळा तलावावर जाळं टाकणाऱ्या घरातली. तिनं ताट पुढं ठेवलं तेव्हा त्यानं विचारलं, "यात कॅलरी किती हाय?"

"मासोळीचा रस्सा हाय जी. लाखोळीची दाळ हाय. पोट भरते."

"आकडा सांग."

"तलावातल्या मासोळीच्या पाठीवर कोन आकडा लिवते?"

लाखोळीची डाळ फोनलाही सापडली नाही. अंबाडीची भाजी विचारली तर त्यानं भलतंच काही दाखवलं. बिस्किटाच्या पुड्यामागं मात्र आकडा स्वच्छ छापलेला होता. नूडल्सवर होता, टोस्टवर होता, 'डाएट' लिहिलेल्या चिवड्यावर तर दोनदा होता. मिथुन शिस्तीचा माणूस. ज्यावर आकडा नाही ते त्यानं खाणं सोडलं.

सकाळी क्रीमचं बिस्किट, दुपारी नूडल्स, रात्री टोस्ट आणि चिवडा. बेरीज कधी बाराशेच्या वर गेली नाही. चोरून एक घासही त्यानं खाल्ला नाही, हे कबूल करायला हवं. फक्त बिस्किट पोटात जाऊन तास होत नाही तोच पोट पुन्हा दार वाजवायचं. मग तो भुकेशी भांडायचा, भूक दमली की गोकुळाशी.

"बकरीपुढं बिस्किट टाका जी," ती म्हणाली, "ते बी आधी पाला पाह्यते."

"हिशोब बरोबर हाय," मिथुन म्हणाला आणि भर दुपारी झोपून गेला.

धनत्रयोदशीला गिरणीवर सगळी मंडळी जमली. नायिकेचं काम करणारी डिंपल आली, सूरज आला. सूरजनं तर नवा शर्टच घातला होता. मिथुन काट्यावर चढला. काटा ऐंशीच्याही थोडा अलीकडे थांबला. टाळ्या पडल्या.

लटारूभाऊंनी टाळी वाजवली नाही. काटा काही सांगो, पोत्यात हात घालून दोन दाणे दाताखाली फोडल्याशिवाय ते धान घेत नसत. त्यांनी मिथुनचा दंड दाबून पाहिला. मग खांदा. मग ते दोन पावलं मागं सरले. दंड गेले होते, खांदे गेले होते, मांड्या गेल्या होत्या. पोट होतं तिथंच होतं. त्याला फक्त शेजार उरला नव्हता.

"हे का केलं बे? दाना इकला अन् कोंडा घरी ठेवला?"

"वजन बसलं ना भाऊ? शब्द देला होता तुमी."

"शब्द पाळतो ना. गान्यात उचलतेस तशी डिंपलले उचल."

त्यानं उचललं. तिसऱ्या पावलाला गुडघे गेले आणि दोघंही कोंड्याच्या ढिगात बसले. डिंपल केस झटकत उठली. "मिथुनभाऊ, मागच्या साली तुमी जाड होते, पर मले पाडलं नव्हतं."

संध्याकाळी पोस्टर छापायला गेलं. हिरो सूरज.

मिथुन घरी आला. गोकुळानं हात धुवायला पाणी दिलं. ताट वाढलं, त्यात मासोळी, डाळ, अंबाडी होती. सवयीनं त्याची नजर आकडा शोधत ताटाभोवती फिरली. मग तो जेवला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर थेट दिवेलागणीला त्याला आठवलं की भूक लागायची राहिली. मोजणं त्यानं सोडलं नाही. पूर्वी भाताच्या तीन मुदी खायचा, आता एकच. पण ती मूद सोडून बाकीचं ताट गोकुळाच्या हाती राहिलं. तालमीनंतर तो नाटकाचे खांब आणि पडदे स्वतः ट्रकवर चढवू लागला. दुपारची झोप सुटली.

शंकरपटाच्या दिवसांत, बैलांच्या शर्यतींसोबत गावोगाव नाटकं रंगात आली, तेव्हा गिरणीच्या काट्यानं त्याला ब्याऐंशी दाखवलं. म्हणजे तो नापास. पण पाटलाचं धोतर आता कमरेवर टिकेना.

"पाटलाचं पोट कुठी गेलं बे?" लटारूभाऊ ओरडले. "लोकं काऊन भितीन तुले?"

शेवटी गोकुळानं कोंडा भरून एक उशी शिवून दिली. मिथुन ती रोज पोटावर बांधू लागला. तिसऱ्या अंकात तो डिंपलला एका झटक्यात खांद्यावर टाकून मंडपाच्या मधून निघाला की शिट्ट्या थांबत नसत. चौथ्या अंकात सूरजनं तिला उचलून परत आणायचं होतं. तो तिचा हात धरून चालवत आणी. गावागावांतून बुकिंगवाले लटारूभाऊंना बजावू लागले, "पाटील हाच पाह्यजे."

गावोगावच्या पंगतींनी सूरजचे गाल भरले होते. एका संध्याकाळी मेकअपच्या तंबूत तो बिस्किटाचा पुडा उलटा धरून मिथुनजवळ आला. "भाऊ, लटारूभाऊ म्हनते पुढच्या पोळ्याले फोटो पाहून हिरो ठरवतो. तुमी कसं घटवलं जी? दिवसाले बाराशे, बराबर ना?"

मिथुननं पुडा घेतला. मागचा आकडा वाचला. गोकुळाचा डबा त्याच्या पेटीत होता आणि सांगायला चार वाक्यं पुरली असती.

"हिशोब बरोबर हाय," तो म्हणाला आणि पुडा परत दिला.

मग त्यानं पोट बांधायला घेतलं. पाटलानं हिरोला शहाणपण शिकवावं, असं त्या नाटकात कुठं लिहिलेलं नव्हतं.