पिवळ्या पाण्याची करणी

बोरसवाडीच्या ओढ्याकाठी त्या दिवशी अख्खं गाव लोटलं होतं. पाथर्डी तालुक्यातलं हे सात-आठशे वस्तीचं गाव, पण आजूबाजूच्या वाड्यांवरूनही टेम्पो भरभरून माणसं आली होती. विहिरीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये भगव्या गादीवर थेंबबाबा बसले होते. त्यांचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं आणि विचारायची कोणाची छातीही नव्हती. पुढ्यात काचेचे दोन पेले, हातात तीर्थाची इवलीशी बाटली.

"हा पेला तुमच्या नळाचा," बाबा म्हणाले, "आणि हा माझ्या विहिरीचा. माझ्याकडे बघू नका, पाण्याकडे बघा. पाणी कधी खोटं बोलत नाही!"

त्यांनी दोन्ही पेल्यांत तीन-तीन थेंब टाकले. विहिरीचं पाणी होतं तसंच राहिलं. नळाचं पाणी मात्र बघता बघता हळदीसारखं पिवळं झालं.

"आगं बया!" सगळ्यांत पुढे बसलेली म्हातारी मुक्ताबाई ओरडली. "आपन इतके दिस हेच पेत हुतो व्हय?"

"करणी!" बाबांनी डोळे मिटले. "टाकीत उतरलीय. नळातून तुमच्या पोटात चाललीय. कोणाकोणाचे गुडघे दुखतात?"

निम्मे हात वर गेले.

"कोणाच्या सुनेचं सासूशी पटत नाही?"

उरलेलेही वर गेले. एवढी पक्की खूण पटल्यावर शंका घ्यायला जागाच राहिली नाही. जो तो हंडे-कळश्या घेऊन विहिरीकडे धावला.

गर्दीच्या कडेला गोरक्ष ढाकणे उभा होता. नुकताच नगरहून आलेला, खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. पेल्यातला तो पिवळा रंग त्याने तेव्हाच ओळखला. ओळखणारच. चोवीस वर्षं त्याने तो रोज सकाळी पाहिला होता.

गोरक्ष फौजेत होता, पण बंदुकीपेक्षा डासांच्या अळ्याच त्याने जास्त पाहिल्या. लष्कराच्या आरोग्य पथकात तो हवालदार होता. छावणीचं पाणी तपासायचं, लंगरातली भांडी बघायची, संडास कुठे खणायचे ते ठरवायचं, फवारणी करून घ्यायची. हजार जवान एका जागी राहतात आणि पावसाळाभर एकालाही जुलाब लागत नाहीत, हे कोणाच्या कष्टाने, ते कोणी विचारत नाही. जे घडलंच नाही त्याचं पदक कोण देणार?

निवृत्त झाल्यावर तो नगरच्या दवाखान्यांत कामासाठी फिरला. "तुमचा कागद मिल्ट्रीचा आहे, आमच्याकडे चालत नाही," हे उत्तर त्याला पाठ झालं. सगळ्यांना त्याला बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं करायचं होतं. शेवटी गावच्या ग्रामपंचायतीने पाणीपुरवठ्याच्या कामावर ठेवलं. दोन वर्षं तो पहाटे उठून टाकीत जंतुनाशक पावडर टाकत होता. अर्ध्या तासाने नळाचं पाणी काचेच्या नळीत धरायचं, त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकायचे आणि पाणी पिवळं झालं की रजिस्टरात सही करायची. सगळं एकट्याने, पंचायतीच्या बंद खोलीत. आणि आता कुठे भिंगारजवळच्या एका खासगी रुग्णालयाने त्याला बोलावलं होतं. वॉर्डांतला जंतुसंसर्ग रोखण्याच्या कामावर देखरेख करायची, अगदी त्याच्या हातचं काम. चार दिवस थांबवून घेऊन त्यांनी त्याचं काम पाहिलं होतं; तेवढे दिवस टाकीत पावडर टाकायचं तो पंचायतीच्या शिपायाला सांगून गेला होता. तेवढ्या चार दिवसांत इकडे बाबांनी गाव जिंकलं.

गोरक्ष गर्दी रेटत पुढे गेला.

"बंद करा हे! ते पिवळं पानीच चांगलं हाय! ही विहीर ओढ्याला लागून हाय, हिचं पानी कुनी प्यायचं न्हाई. कुनी म्हंजे कुनी न्हाई!"

तो कवायतीच्या मैदानावरचा आवाज होता. गाव चपापलं आणि मग चिडलं.

बाबा मात्र गोड हसले. "फौजीसाहेब, टाकीवर रोज कोण चढतं?"

"मी."

"वर जाऊन काही टाकता?"

"पावडर. पन ती..."

"ऐकलंत?" बाबांनी दोन्ही हात पसरले. "मी नाव घेतलं का कोणाचं? चोरानं आपल्या तोंडानं सांगितलं!"

मग गोरक्षचं पुढचं बोलणं कोणाला ऐकूच आलं नाही. दोघा-तिघांनी त्याची कॉलर धरली. आक्काबाई मध्ये पडली म्हणून तो सुटला.

आक्काबाई त्याची थोरली बहीण. लहानपणी आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, स्वतः विधवा झाल्यावर पुन्हा याच घरी आली. गोरक्षचं लग्न राहूनच गेलं होतं. घरात दोघंच. वाटेने चालताना तिच्या कमरेवर बाबांच्या विहिरीची कळशी होती.

"आक्का, वत ते पानी."

"मी डोळ्यांनी बघितलंय रं, गोरक्षा."

"तुला काय कळतंय? सांगितलं तेवढं कर!"

आक्काने पाणी ओतलं नाही. त्या दिवसापासून तिने आपली कळशी चुलीमागे वेगळी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सरपंचांनी पावडर बंद केली. टाकीच्या शिडीला कुलूप लागलं. आणखी दोन दिवसांनी बाबांनी पुन्हा नळाचं पाणी मागवलं, थेंब टाकले, आणि पाणी स्वच्छच राहिलं. "करणी पळाली!" बाबा गरजले आणि हलगी वाजू लागली. पावडर टाकली नाही तर पाणी पिवळं होणार कशाने, एवढं साधं कोणाच्या मनात आलं नाही. गोरक्षने तालुक्याला अर्ज केला. "चौकशी करू," असं उत्तर आलं.

नवव्या दिवशी वरच्या आळीत पाच माणसं आडवी झाली. दहाव्या दिवशी वीस. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब आणि उलट्या. आक्कालाही लागण झाली होती, पण भावाच्या धाकाने तिने सकाळभर ते लपवून ठेवलं. दुपारी गोरक्षने पाहिलं तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते, बोटांची कातडी सुरकुतली होती. त्याने गाडीसाठी फोन केला, पाणी उकळलं, त्यात मीठ-साखर घातली आणि पेला तिच्या ओठांना लावला.

तिने तोंड फिरवलं. "कुठलं हाय?"

"आपल्या नळाचं. उकळलंय, आक्का."

"नगं. त्येच्यात करनी हाय."

त्याने हात जोडले, तिच्या पायांवर डोकं ठेवलं. गाडी यायला दीड तास लागणार होता, कारण गाड्या आधीच आजाऱ्यांना घेऊन गेल्या होत्या. शेवटी आयुष्यात कधी न केलेली गोष्ट त्याने केली. तोच पेला घेऊन तो दाराबाहेर गेला, क्षणभर थांबला आणि परत आत आला.

"घे आक्का. हे बाबांच्या विहिरीचं हाय."

आक्काने तो घटाघटा संपवला. दुसराही प्यायली. "गोड हाय रं," म्हणाली. पण फार उशीर झाला होता. गाडी दारात आली तेव्हा तिचा हात गोरक्षच्या हातात गार पडला होता.

आरोग्य खात्याचं पथक आलं. विहिरीत आणि नळाच्या पाण्यातही कॉलऱ्याचे जंतू सापडले. बाबा म्हणाले, "करणी जाता जाता फटका मारून गेली," आणि त्यावरही मान डोलावणारी माणसं होतीच. त्याच आठवड्यात रुग्णालयाचं पत्र आलं, ताबडतोब रुजू व्हा म्हणून. गोरक्षने उत्तर लिहिलं की गावातलं काम राहिलं आहे, मला येता येणार नाही.

आक्काचा दहावा त्याच ओढ्यावर झाला. विधी उरकल्यावर डोकं भादरलेला गोरक्ष तसाच शेडसमोर जाऊन उभा राहिला. मागोमाग माणसं आली. यावेळी त्याचा आवाज चढला नाही. गावच्या शाळेतल्या दीना उजागरे बाईंना त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी शाळेतले पेले आणून शेडसमोरच्या पारावर मांडले.

"मी कायच करनार न्हाई," गोरक्ष म्हणाला. "मुक्ताकाकू, बाबांच्या विहिरीचं पानी तूच भर. तीन पेल्यांत."

मुक्ताबाईने भरलं. दीनाबाईंनी बाबांकडे तीर्थ मागितलं. बाबा उठायला लागले, पण लोकांनी वाट दिली नाही. तीर्थाची बाटली पुढे आली. मुक्ताबाईने पहिल्या पेल्यात थेंब टाकले. काही झालं नाही.

"आता उरलेल्या दोन्हींत ही पावडर टाक. चिमटीहून कमी. आनि थांब."

अर्धा तास कोणी जागचं हललं नाही. बाबा तेवढे मंत्र पुटपुटत होते. मग मुक्ताबाईने दुसऱ्या पेल्यात थेंब टाकले. बाबांच्या पवित्र विहिरीचं पाणी हळदीसारखं पिवळं झालं.

गोरक्षने खिशातून दुसरी बाटली काढली. "ही पंचायतीच्या कपाटातली. दोन वर्सं तिथंच हाय. हिचे थेंब तिसऱ्यात टाकून बघ." तिच्यानेही तोच रंग आला.

"पाण्यात जंतू मारणारं औषध असलं तर हे थेंब पिवळे होतात," दीनाबाई म्हणाल्या. "पिवळं म्हणजे पाणी राखलेलं आहे. बाबांनी तुम्हाला राखलेलं पाणी ओतायला लावलं आणि घाण पाणी पाजलं. असली बाटली शहरात रसायनांच्या दुकानात मिळते."

बाबांनी मागच्या बाजूने पळायचा प्रयत्न केला. पोरांनी त्यांना ओढ्यातच धरलं. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला, सरपंचांचाही जबाब झाला.

पण मुक्ताबाई पारावरच बसून राहिली होती, पिवळा पेला हातात धरून.

"गोरक्षा, येवढं सोपं हुतं तर आमाला आदी का न्हाई दावलंस रं? त्या भामट्यानं दावलं म्हून आमी इस्वास ठिवला. तू तर कधी दावलंच न्हाईस."

फौजेत कोणी विचारत नव्हतं, फलकावर एक ओळ लिहिली की हजार माणसं पाणी उकळत होती. इथेही तसंच चालेल असं त्याने धरलं होतं. "चुकलं, काकू," एवढंच तो म्हणाला आणि ज्या बहिणीसाठी स्मशानात रडला नव्हता, तिच्यासाठी सगळ्या गावासमोर रडला.

तुमच्याही गावात कोणी पाण्याचा, राखेचा, लिंबाचा रंग पालटून दाखवील. पाया पडण्याआधी विचारा. हे कशाने झालं? माझ्या हाताने होतं का? दुसऱ्या पाण्यात होतं का? असं विचारलं म्हणून कुठलाही देव कोपत नाही, कोपतो तो फक्त भामटा. आणि ज्याला उत्तर ठाऊक आहे, त्याने ते स्वतःपाशी ठेवू नये. हुकूम न सोडता, चार माणसांत बसून, पुन्हा पुन्हा सांगावं. गोरक्षने तसं सांगितलं तेव्हा सगळं गाव ऐकत होतं. ज्या एका माणसाला ते पटायला हवं होतं, ती आक्का तेवढी राहिली नव्हती.