कर्नलच्या मांडीतली तीन खाचांची गोळी

विषय : अर्जदार गोळीस सध्याच्या जागी, म्हणजे कर्नल लायसँडर प्रूएट यांच्या डाव्या मांडीत, कायम राहू देण्याबाबत.
संदर्भ : डॉक्टर क्रेन यांचा चिमटा. तो या क्षणी शेजारच्या स्वयंपाकघरात उकळत आहे.

महोदय,

मी शिशाची एक गोळी बोलतेय. चौतीस वर्षं कर्नलच्या मांडीत, हाडाला चिकटून राहते. दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं. आज ऐकतेय त्यानं माझं शिसं गार पडलंय.

माझा जन्म अमेरिकेतल्या यादवी युद्धातला, उत्तरेच्या सरकारी कारखान्यातला. आम्हा बहिणींच्या कमरेला तीन खाचा. दक्षिणेच्या फौजेतल्या गोळ्यांना सहसा दोनच. बाकी काम तेच. पण त्या तिसऱ्या खाचेपायीच आज माझा थरकाप उडालाय.

यादवी सुरू झाली तेव्हा लायसँडर प्रूएट ओहायोत वकिली करत होते. ती सोडून ते उत्तरेच्या फौजेत कॅप्टन झाले. एका पहाटे दाट धुक्यात ते टेहळणीवरून छावणीकडे परतत होते. पहाऱ्यावर त्यांच्याच गावचा होसिया टटल होता आणि मी त्याच्या बंदुकीत. झुडूप हललं. तो घाबरला, मीही घाबरले, आणि आम्ही दोघांनी मिळून चूक केली.

होसिया रडत धावत आला. कॅप्टन जमिनीवरूनच म्हणाले, "गप्प! शत्रूची गोळी आहे. तू काही पाहिलं नाहीस."

फौजेच्या डॉक्टरांना मी सापडले नाही. पुढे कॅप्टनचे कर्नल झाले आणि त्यांनी होसियाच्याच बहिणीशी, अल्मीराशी, लग्न केलं.

शत्रू मात्र कर्नलच्या सांगण्यात दरवर्षी वाढत गेला. ज्युरीपुढे कर्नल लंगडत, तेव्हा एकच बंदूकवाला होता. निवडणुकीच्या सभेत त्याची पलटण झाली. लिस्बनला वाणिज्यदूत म्हणून गेले, तेव्हा मेजवानीतल्या बायकांना तोफाही ऐकू आल्या. नेमणुकीच्या वेळी पोर्तुगीज येतं का, असं कोणी विचारलं नव्हतं. मांडीत गोळी आहे, एवढी पात्रता पुरली. मी प्रत्येक भाषणात अंग चोरून बसे.

परवा मांडी सुजली, ताप चढला. डॉक्टर म्हणाले, "गोळी काढली नाही, तर विष रक्तात भिनेल. रविवार दिसायचा नाही."

"मग काढाच!" अल्मीराबाई म्हणाल्या. "आणि माझ्या हातात द्या. माजी सैनिकांच्या सभागृहात काचेच्या कपाटात ठेवायचीय, खाली नाव लिहून. त्या मिसेस हॅस्केलनं नवऱ्याचा फुटका पाण्याचा डबा ठेवलाय, तर केवढा तोरा!"

महोदय, त्या कपाटापुढे म्हातारे शिपाई दिवसभर खुर्च्या टाकून बसतात. कुठली गोळी कोणाची, यावर भांडतात. माझ्या खाचा ते दारातूनच मोजतील.

"काढायची नाही," कर्नल म्हणाले.

"अहो, राजाला भेटून आलात आणि चिमट्याला घाबरता?"

"घाबरतो. पुढे?"

"होसिया, तू तरी सांग ना ह्यांना! तोंड शिवलंय का तुझं?" म्हणत त्या स्वयंपाकघरात गेल्या. डॉक्टर अंगणातल्या पंपावर हात धुवायला गेले.

"लायसँडर, काढू दे," होसिया म्हणाला.

"आणि तुझं काय?"

"माझ्यापायी तू आयुष्यभर लंगडलास. आता मी सांगतो तिला."

"मूर्खा, रोज त्या कपाटापुढे बसतोस तू. उद्या तिथं कोण बसू देईल तुला?"

"मी उभा राहीन."

तो आत गेला. दार बंद झालं.

महोदय, मी राहिले तर कर्नल जातात. म्हणून कायम राहण्याचा अर्ज मी मागे घेतेय. सुधारित विनंती एवढीच : मला काढावं, पण कपाटात ठेवू नये. नदीत टाकावं. बुडायला मी तयार आहे.

आतून पाण्याच्या खळखळीखेरीज आवाज नाही. कर्नलची नाडी माझ्या अंगावर धाडधाड आपटतेय. मोठमोठ्या सभा गाजवल्या त्यांनी, तेव्हा ती कधी अशी उडाली नव्हती.

दार उघडलं. अल्मीराबाईंची पावलं खाटेपाशी येऊन थांबली.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.