घरात कुणीच न घेतलेले नाव

मित्रांनो, मी एक जुने नाव आहे. पत्र्याची पेटी जुनी झाली तर निदान माळ्यावर सापडते. नाव जुने झाले तर शोधायचे कुठे? माझे मूळ देवस्थान नाशिकजवळ, गोदावरी उगम पावते तिथे. अंबक म्हणजे डोळा. तीन डोळे ज्याला आहेत तो त्र्यंबक, म्हणजे शंकर. एके काळी माझा थाट होता. ठाण्याच्या तळ्याकाठी कुणी 'अहो त्र्यंबकराव' म्हटले की दोघेतिघे तरी वळून बघत. तीन डोळे असल्यामुळे म्हणा, पण मी जरा जास्तच बघतो. माझा स्वभाव संशयी आहे, आणि तो तसा का झाला तेच तुम्हाला सांगायचे आहे.

ठाण्याचे एक त्र्यंबकराव सत्तेचाळीस साली वारले. पुढच्याच वर्षी त्यांचा मुलगा श्रीपाद याच्या डोंबिवलीच्या बिऱ्हाडी मुलगा झाला. 'आजोबाच परत आले,' असे सगळे म्हणाले आणि त्या मुलासाठी माझी निवड झाली. बारशाला कल्याणहून आत्या आली. तिने बाळाच्या कानाशी तोंड नेले, कुर्रर्र केले आणि मला हळूच आत सोडले. बायकांनी आत्याच्या पाठीत बुक्के घातले, घुगऱ्या वाटल्या आणि कार्य उरकले.

मला तेव्हाच शंका आली. चांगल्या गोष्टीची कुणी कानात कुजबुज करते का?

पुढे तर माझा उच्चारच बंद झाला. आजी मुलाला 'सोन्या' म्हणे. श्रीपाद रागावला तरी 'अरे ए' यापलीकडे जात नसे. मुलाची आई मंदाकिनी त्याला 'बाळ' म्हणे. चाळीत बिऱ्हाडागणिक एक बाळ होता, त्यांत हा आणखी एक. मी आपला उंबऱ्याबाहेर ताटकळत उभा.

माझा खरा संशय मंदाकिनीवर होता. एकदा विहिरीवर ती शेजारच्या विमलाबाईंना म्हणाली, "तुमच्या सुधीरला हाक मारायला किती बरं वाटतं हो."

"मग तुम्हीही याचं नाव शाळेत आनंद घाला की," विमलाबाई म्हणाल्या. "म्हाताऱ्यांची नावं आता कोण ठेवतंय? आणि शाळेत पडलं की तेच नाव जन्मभर चालतं."

मंदाकिनी काहीच बोलली नाही. तिने घागर उचलली आणि ती घरी आली. मौन म्हणजे संमती, हे मला ठाऊक होते. कुठेतरी पाणी मुरत होते. त्या दिवसापासून मला आनंद या नावाचा मनस्वी राग येऊ लागला. कालचे पोर ते, आणि माझ्या जागेवर डोळा ठेवून बसलेले. मी तर कुठे लिहिलाही गेलो नव्हतो. शाळेत आनंद लागला असता तर एका मुलाच्या कानात एकदा पडलेला शब्द, एवढाच मी उरलो असतो.

शाळेत नाव घालायचा दिवस आला. श्रीपादला कचेरीतून रजा मिळाली नाही, म्हणून मंदाकिनीच मुलाला घेऊन निघाली. विमलाबाई सुधीरला घेऊन सोबत होत्याच.

"मुलाचं नाव?" मास्तरांनी विचारले.

मंदाकिनी गप्प. मास्तरांनी मुलालाच विचारले. तो म्हणाला, "बाळ." मागची मंडळी हसली.

"बाई, शाळेत बाळ चालायचं नाही. खरं नाव सांगा."

"मामंजींचं नाव आहे," ती खाली बघत म्हणाली. "माझ्याने कसं घेववेल?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सुनेने सासऱ्याचे नाव घ्यायचे नाही. बायकोने नवऱ्याचे घ्यायचे नाही. आणि बापाचे नाव घेऊन मुलावर डाफरायचे तरी कसे? मोठ्या मायेने त्यांनी मला घरात आणले होते, आणि मला उच्चारील असे एकही तोंड घरात उरले नव्हते. पण मन चिंती ते वैरी न चिंती. मला वाटले, आता हिला आयतेच निमित्त मिळाले.

मास्तरांना असल्या अडचणी नव्या नव्हत्या. "बरं, खूण सांगा," ते म्हणाले.

"तीन डोळ्यांचे."

"शंकर?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"महादेव? सदाशिव?" मास्तर कंटाळले. "बाई, देवाला हजार नावं. मी कुठवर विचारत बसू?"

"आनंद लिहा हो मास्तर," विमलाबाई पुढे झाल्या. "कुणाचाच मान मोडायला नको."

मास्तरांनी टाक दौतीत बुडवला. मी डोळे मिटले, तिन्ही.

"थांबा," मंदाकिनी म्हणाली. तिने डोक्यावरून पदर घेतला, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्र्यंबक."

वडिलांचे नाव मात्र विमलाबाईंनाच सांगावे लागले.

वाटेत मुलाने विचारले, "आई, त्र्यंबक कोण?"

"तू," ती म्हणाली. तिचा जीव घरी काय होईल या चिंतेत होता. माझाही होता.

आजी वाती वळत बसली होती. मंदाकिनी तिच्या पाया पडली. "सासूबाई, चुकलं माझं. शाळेत मामंजींचं नाव तोंडाने घेतलं."

आजीने वर पाहिले नाही. "मोठ्यानं घेतलंस?"

"हो."

"मग इथंही एकदा घे," आजी म्हणाली. "ते गेल्यापासून ते नाव कानावर पडलं नाही गं. मला घेता येत नाही. तू घे, मी ऐकते."

मंदाकिनीने दारात जाऊन हाक मारली. मुलगा अंगणात खेळत होता. त्याला सवय नव्हती, तो वळलाच नाही. तिने पुन्हा हाक मारली, आधीपेक्षा मोठ्याने. आत आजीने हातातली वात खाली ठेवली आणि डोक्यावरचा पदर सारखा केला, घरातले मोठे माणूस बाहेरून आल्यावर करावा तसा.

मला रडू आले. ज्या घरावर मी इतकी वर्षे संशय घेतला, त्याच घरात कुणीतरी माझीच वाट बघत बसले होते.

माझा स्वभाव काही पुरता गेलेला नाही. बारशांना हल्ली आनंद आणि सुधीर यांचीच चलती आहे, आणि पाळण्याभोवती बायका कुजबुजल्या की मी अजून कान टवकारतो. पण मित्रांनो, तुमच्या घरात एखादे जुने नाव असेल तर ते अधूनमधून मोठ्याने घेत जा. आत कुणीतरी ऐकायला बसलेले असते.